झाड भाड्यात धरलेलं नाही

तिबिलिसीतलं भाडं दुप्पट झालं, तेही डॉलरात.
मालकानं जिन्यातच सांगितलं,
हातातली पावाची पिशवी खाली न ठेवता.
मी म्हटलं, बरं.
वहीत अठरा वर्षांच्या नवऱ्यामुलींची मापं होती:
छाती, कंबर, खांदा, रडण्यासाठी सोडलेला अर्धा इंच.
उरलेल्या पानांवर मी गावं लिहायला घेतली.

घर पाहावं बांधून, म्हणतात.
बांधणं ज्यांच्या नशिबी नाही
त्यांनी पाहावं भाड्यानं शोधून:
नळ सोडून कान लावावा,
कपाटामागच्या भिंतीला तळहात टेकवावा,
शेजारच्या दोरीवर कुणाचे कपडे आहेत, कुणाचे नाहीत,
हे बघून घ्यावं.

खाशुरीचं घर स्वस्त. खिडकीखालून मालगाड्या.
सवय होते, एजंट म्हणाला, तेवढ्यात गाडी आली
आणि पुढचं सगळं त्याचे नुसते ओठ बोलले.

झेस्ताफोनीला उत्तरेचा उजेड,
शिवणाऱ्या बाईला देवानं मोजून द्यावा तसा.
पण कारखाना जवळ. मी सज्जात पांढरा रुमाल टाकला
आणि चहा प्यायले.
रुमाल उचलला तेव्हा त्याची चौकोनी जागा
कठड्यावर राहिली होती, स्वच्छ.
मी लग्नाचे पोशाख शिवते. काट मारली.

सिघनाघीचा मालक गोड बोलायचा.
मे ते ऑक्टोबर पाहुणे येतात, म्हणाला,
तेवढे दिवस तुम्ही कुठेतरी जा.
कुठे जाऊ?
त्यानं खरंच विचार केला. भुवया आवळल्या.
तिबिलिसीला, म्हणाला.

तेलावीजवळ वाझा नावाचा म्हातारा.
घर दहा मिनिटांत दाखवलं, अक्रोडाचं झाड अर्धा तास.
झाड भाड्यात धरलेलं नाही, म्हणाला.
आणि सावली?
थोडा वेळ गेला.
सावली चालेल.

लेक लिले प्रत्येक गावात एकच विचारायची:
शेवटची मिनीबस कितीला?

ज्या गावात शेवटी राहिले त्याचं नाव सांगत नाही.
भाडी वाढतील.
तिथं त्सिउरीबाईंनी दार उघडलं आणि आधी दोष सांगितले,
पोरीचं स्थळ आलेलं असताना कुणी सांगणार नाही असे:
मागच्या खोलीत गळतं, बादली आहे.
वारा सुटला की वीज जाते, कधी न सुटताही.
समोरचा गोचा दारू पिऊन गातो, आवाज बरा आहे.
मग विचारलं, मशीन कुठल्या भिंतीशी ठेवणार?
इतक्या गावांत हे कुणी विचारलं नव्हतं.
अक्रोड निम्मे तुमचे, निम्मे माझे,
पण चढायचं तुम्ही. माझे गुडघे गेले.

शेवटची मिनीबस साडेचारला.
म्हणजे येता येईल, लिले म्हणाली, निघता यायचं नाही.
ती शहरात मैत्रिणीकडे राहिली.
रविवारी येईन, म्हणाली. कुठल्या, ते नाही.

सप्टेंबरात सामान लावलं, दुसऱ्या दिवशी झाडावर.
वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, काठी घेऊन.
त्सिउरीबाई खालून फांद्या सांगत होत्या, नावानिशी:
ती रेझोची, ती विहिरीकडची, तिला मारू नका.
कोण रेझो, ते मी अजून विचारलेलं नाही.
हिरव्या सालींनी बोटं मनगटापर्यंत काळी झाली.
साबण, लिंबू, राख, काही म्हणता काही चालेना.
आठ दिवस, त्या म्हणाल्या. फार तर पंधरा.
कपाटात पाच वार पांढरं साटीन,
शनिवारी ट्रायल.

रात्री गोचा गायला नाही.
कुत्रं नाही, लिफ्ट नाही, वरच्या मजल्यावरची टाच नाही.
एवढी शांतता मी मागितली नव्हती,
भाड्यात धरलेली असावी.
मी उठले, मशीनसमोर बसले,
कापड न लावता, दोरा न ओवता
पायडल दाबलं,
आणि बराच वेळ
घर शिवत राहिले.